जिवंत बाईच्या नावाची शेवंती

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर माझी खानावळ आहे. डुकराच्या हाडांचा रस्सा, भात, सोबत मुळ्याची किमची. दुसरं काही आम्ही करत नाही. त्या दिवशी सकाळी शटर वर केलं, तर समोर फुलंच फुलं. पांढऱ्या शेवंतीची माणसाहून उंच चक्रं, तिवईवर उभी केलेली, मयताच्या दारात असतात तसली. फाटकापासून पार माझ्या पायरीपर्यंत रांग. दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या फितींवर काळ्या अक्षरांत लिहिलेलं : ‘प्यो इन-सुक यांच्या सदसद्विवेकबुद्धीस श्रद्धांजली.’

हल्ली आमच्याकडे कुणाचा निषेध करायचा तर घोषणा देऊन घसा कोरडा करत नाहीत. फुलवाल्याला फोन करतात.

दुपारी ज्या बाईचं नाव त्या फितींवर होतं ती नेहमीच्या टेबलाशी येऊन बसली.

“मावशी, मीठ कमी पडलंय आज.”

“मेल्या माणसाला मीठ कशाला लागतं?”

ती हसली. हसताना तिचा खालचा ओठ एका बाजूला वाकडा व्हायचा, जणू अर्धं हसू तिला मान्य नाही.

प्यो इन-सुक इतिहास शिकवायची. पन्नाशीची, एकटी. पक्की नोकरी तिला कधी मिळालीच नाही, दर सत्राला नवा करार आणि तासावर पगार. पण एक गोष्ट तिने स्वतःची अशी उभी केली होती, ती म्हणजे गुरुवारची बैठक. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये दर गुरुवारी कुणीतरी बाहेरचा माणूस येऊन बोलायचा. जहाजाच्या कारखान्याचा मालक येऊन गेला, त्याच कारखान्यातला संपात तुरुंगात गेलेला वेल्डरही येऊन गेला. बाईंची अट एकच, शेवटचा प्रश्न संपेपर्यंत वक्त्याने उठायचं नाही. मग सगळी वरात माझ्याकडे. आणि इथे रीत अशी, की ज्याने सगळ्यात टोचणारा प्रश्न विचारला असेल, त्याने पाहुण्याचा पहिला पेला भरायचा. आत तावातावाने भांडून आलेली पोरं दोन्ही हातांनी बाटली धरून मान तुकवून दारू ओतताना मी किती वेळा बघितलीत.

आता फुलं कशासाठी आली, ते सांगते.

इन-सुक पामगोलची. वर डोंगरात दरी आहे, तिथलं गाव. पन्नास सालच्या उत्तर-दक्षिण लढाईत आपल्याच सैनिकांनी, शत्रूला सामील म्हणून, त्या गावातली माणसं दरीत नेऊन गोळ्या घातल्या. तिथे त्यांच्या नावाचा दगड आहे, दरवर्षी मेलेल्यांना जेवण ठेवतात. यावर कुणाचा वाद नव्हता. पण राजधानीतला, सोलचा नामगुंग नावाचा एक म्हातारा अभ्यासक, त्याने पुस्तकात लिहिलं की बाहेरून आलेल्या सैनिकांना कोण कुठला हे ठाऊक नव्हतं. गावचा मुखिया पुढे चालत होता आणि बोट दाखवत होता, शेवटी त्यालाही मारलं. हे त्याला म्हणे एका निवृत्त पोलिसाने सांगितलं होतं. पोलिसाचं नाव पुस्तकात नाही.

तो मुखिया म्हणजे इन-सुकचा आजा.

आणि तिने नामगुंगलाच गुरुवारी बोलावलं.

तिच्या विभागाचे प्रमुख मेंग सर. माणूस वाईट नाही, पण कुणी मोठ्याने बोललं की त्यांना घाम फुटतो. ते माझ्याकडेच तिला गाठायला आले.

“अहो बाई, तुमच्याच आजोबांना बट्टा लावणारा माणूस हा! दुसऱ्या कुणी बोलावला असता तर तुम्ही फाटकात आडव्या पडला असता.”

“पहिल्या रांगेत बसले असते, सर.”

“कशाला?”

“विचारायला. तो पोलीस कोण? त्या दिवशी तो दरीत होता का? पुस्तकाला विचारून झालं. पुस्तक बोलत नाही.”

“मग विरोधात लेख लिहा की. मी छापून आणतो, शब्द देतो.”

“लेख तुम्ही वाचाल आणि मी वाचीन. पामगोलच्या म्हाताऱ्यांनी काय करायचं? त्यांनी त्याच्या तोंडून ऐकायला पाहिजे. तो अडखळला तर अडखळलेला दिसायला पाहिजे.”

“आणि नाही अडखळला तर?”

ती चमच्याने भात दाबत राहिली. “तर तेही मला कळायला हवं,” ती म्हणाली.

शेजारच्या टेबलावर सो-दाम बसली होती. विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष, बाईंच्या हाताखालीच शिकलेली, तिखट पोरगी.

“बाई, त्याला माईक दिला की त्याच्या खोटेपणाला विद्यापीठाचा शिक्का बसतो. मेलेल्यांच्या घरच्यांना काय वाटेल, याचा विचार केलात?”

“मीच मेलेल्यांच्या घरची आहे गं.”

“मग तर कमालच आहे तुमची!”

“उद्या तुला कुणाला बोलवायचं असेल तेव्हा?”

“मी असल्या माणसाला बोलावणार नाही.”

“असला म्हणजे कसला, हे ठरवायला तू नसशील, सो-दाम. मेंग सरांच्या वरचे कुणी असतील.”

मेंग सरांनी रुमाल काढून मान पुसली. पोरगी ताडकन उठून गेली. दोन दिवसांनी फुलं आली, काही संघटनेची, काही पामगोलच्या वारसांच्या मंडळाची.

तर त्या दुपारी इन-सुक मिठासाठी कुरकुरत जेवतेय, आणि बाहेर कुणीतरी हंबरडा फोडला.

“आगं माझ्या बाये! आगं काय झालं गं तुला!”

मी धावले. माल-सुन आत्या, इन-सुकच्या बापाची धाकटी बहीण, रस्त्यात फतकल मारून बसली होती. डोंगरातून बसने आली होती, भाचीसाठी सुक्या माशांची जुडी घेऊन. म्हातारपणी भाचीनेच तिला अक्षरं शिकवली होती. पहिलं स्वतःचं नाव, दुसरं भाचीचं. पुढचं लांबलचक तिला वाचता येत नव्हतं. शेवंतीची चक्रं कशासाठी असतात, हे मात्र पक्कं ठाऊक होतं.

इन-सुक हातात चमचा घेऊनच बाहेर आली. “आत्या, अगं मी इथे आहे! उठ!”

म्हातारीने तिच्याकडे बघितलं, मग फितीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तिचं तोंड दोन्ही हातांत धरून चाचपलं. “जित्ती हायेस व्हय गं सटवे! माझं काळीज गळाठलं की!” ती रडता रडता हसायला लागली, मीही हसले. फाटकावर पत्रकं वाटणारी पोरंसुद्धा हसली. त्यातल्याच एकाने मग सांगून टाकलं, फुलं कशाची आहेत ते.

आत्याचं हसणं जागच्या जागी थांबलं.

“कोन येनार हाय म्हनला ह्यो?”

“नामगुंग.”

“माझ्या बानं बोटं दाखीवली म्हनतो, त्यो?”

“होय. आत्या, ऐक. मी त्याला सगळ्यांसमोर विचारणार आहे...”

“तू इचारनार. आन् त्यो पुन्यांदा सांगनार. समद्यांम्होरं, मोठ्या आवाजात. माझा बा येकदा मेला. आता तू त्या मानसाला खुर्चीवर बशिवून त्याच्या तोंडानं माझ्या बाला दुसऱ्यांदा मारतीस.”

“न विचारता सोडलं तर पुस्तकात ते तसंच राहील.”

“ऱ्हाऊ दे. म्या कुटं वाचतीया?” आत्या उठली. गुडघ्याची धूळसुद्धा झटकली नाही. “तू मेली आसतीस, तर म्या रडले तरी आसते.”

सुक्या माशांची जुडी तिने फुलांच्या तिवईखाली ठेवली, मयतापुढे ठेवतात तशी, आणि बसथांब्याकडे चालू लागली. इन-सुक तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेली आणि एकटी परत आली.

“सोड ना हे,” मी म्हटलं. “कुणासाठी करतेस?”

“तिच्यासाठीच. आता सोडलं तर तिच्या बापाबद्दल बोलायला पुस्तकाशिवाय कुणी उरत नाही.”

रस्सा गार होऊन वर चरबी धरली होती. मी गरम करून आणते म्हटलं. तिने तसाच खाल्ला.

गुरुवारी हॉलला कुलूप होतं. पाणी गळतंय, दुरुस्ती चालू आहे, असा कागद दारावर. प्लंबर काही कुणी येताना पाहिला नाही.

नामगुंग आला. काठी टेकत येणारा, कॉलरमध्ये मान बुडालेला वाळका म्हातारा, पाहुण्याने रिकाम्या हाती जायचं नाही म्हणून हातात नासपतींची पेटी. पहारेकऱ्याने त्याला फाटकातच अडवलं. एका बाजूला पोरं घोषणा देत होती, दुसऱ्या बाजूला चटईवर पामगोलची मंडळी. माल-सुन आत्या पुढेच, पण पाठ आमच्याकडे करून. इन-सुकने म्हाताऱ्याला माझ्या पायरीवर आणलं.

“फोनवर म्हणालात, तुमचा एक प्रश्न आहे,” तो म्हणाला. “विचारा की.”

“इथे नाही, सर.”

“मी परत येईन असं वाटतं तुम्हाला? माझ्या डॉक्टरला तरी तसं वाटत नाही.”

मी आतून ऐकत होते. मनात म्हटलं, विचार बाई, विचारून मोकळी हो. तिने चटईवरच्या त्या पाठीकडे बघितलं.

“इथे विचारलं तर उत्तर माझ्या एकटीचं होईल. मी घरी जाऊन सांगेन, आणि कुणी विश्वास ठेवणार नाही. त्यांचंही बरोबरच. हॉल उघडला की बोलावते.”

म्हाताऱ्याने पेटी माझ्या हातात दिली. “हट्टी आहात,” तो तिला म्हणाला. “मुखियाची नात शोभता.”

हे तो चांगल्या अर्थाने म्हणाला की कसं, मला आजही कळलेलं नाही. तिलाही कळलं नसावं. टॅक्सी वळली तेव्हा ती हात पुढे बांधून कमरेत वाकलेलीच होती.

हॉल त्या हिवाळ्यात उघडला, पण नवा नियम घेऊन. बाहेरच्या माणसाला बोलायचं असेल तर वरची परवानगी हवी. वाद होईल असं वाटलं तर मिळणार नाही. विद्यार्थी संघटनेने स्वागत केलं. वारसांच्या मंडळाने आभार मानले. इन-सुकचा करार पुढच्या सत्राला निघाला नाही. मेंग सरांनी ते तिला माझ्याच टेबलावर सांगितलं, वाडग्यातून मान वर न काढता.

“तास कमी झालेत हो, बाई. दुसरं काही नाही.”

“तुमचा रस्सा निवतोय, सर,” ती म्हणाली.

मग ती बाजारपेठेतल्या शिकवणीवर्गात लागली. तिथे परीक्षेचे प्रश्न असतात, चार उत्तरं, त्यातलं एक बरोबर.

वसंतात सो-दाम आली, डोळे सुजलेली. इमारतीत झाडू-पोछा करणाऱ्या बायकांना कामावरून काढलं होतं. त्यांच्यातल्या एकीला हॉलमध्ये बोलवायचं, तर परवानगी नाही. ती बाई इतकी वर्षं तिथलीच फरशी पुसत होती, पण ठेकेदाराची माणूस म्हणजे बाहेरची.

“बाई, तुम्ही या आणि बोला. तुमचं ऐकतील.”

“मीही आता बाहेरचीच.”

“मग पाठव ना फुलं, पोरी!” माझ्या तोंडून निघून गेलं.

“मावशी, गप्प बसा,” इन-सुक मला म्हणाली. रागावली होती.

सो-दाम नाक पुसत म्हणाली, “इथे बसून बोलूया का? मावशींच्या खानावळीत?”

“इथे तुम्हीच याल आणि तुमचंच ऐकाल. विरोधात बोलणारा कशाला येईल इथे?”

रस्सा पोरीने मागवलाच नव्हता, मीच आणून ठेवला.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला नामगुंग गेल्याची बातमी आली. इन-सुक फुलवाल्याकडे गेली. गावात फुलवाला एकच, बांग. तिच्या नावाची शेवंती त्यानेच पुरवलेली. त्याने विचारलं, फितीवर नावापुढे काय घालू, विद्यापीठ की विभाग? ती म्हणाली, नुसतं नाव. आणि वर : ‘प्रश्न राहून गेला.’

सोलला ती स्वतः गेली. परत आली ती थेट माझ्याकडे, बाजूच्या मिठाच्या वाटीत बोट फिरवत बसली. मग तिनेच सांगितलं. मयताच्या दालनाबाहेर निषेधाची चक्रं आधीच पोचली होती, ‘बरं झालं गेलास’ असली. म्हाताऱ्याची लेक एकेक वाचून बाहेर काढायला लावत होती. इन-सुकचं वाचलं आणि तेही काढायला लावलं. गाड्या लावतात तिथे, भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

“सांगायचं ना तिला, ते टोमण्याचं नाही म्हणून!”

“काय सांगू, मावशी? मी कोण म्हणून सांगू?”

परवा मेंग सर जेवायला आले होते. म्हणाले, त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. मी विचारलं, ते बोट दाखवल्याचं वाक्य आहे का अजून?

“आहे,” ते म्हणाले. “आता बदलणार कोण?” आणि अजून भात मागितला.