ब्राउन ब्रेडचा रंग

मिरचीकाकूंना हे नाव गल्लीने दिलं, ते त्या लग्न होऊन नव्याने आल्या तेव्हाच. दुधात पाणी घालणाऱ्या दूधवाल्याला त्यांनी भर रस्त्यात उभं करून त्याचंच दूध प्यायला लावलं होतं. नवरा अगदी उलट. बेकरीत भट्टीवर उभं राहण्यात जन्म गेलेला, म्हणून गल्लीत तो भट्टीवाला, आणि शब्द खर्चताना जिवावर यावं इतका अबोल.

भट्टीवाल्याला मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, "गोड बंद करा." काकूंनी त्याच दिवशी साखरेचा डबा शेजारणीला देऊन टाकला. चहा बिनसाखरेचा झाला. पांढरा ब्रेडही बंद झाला आणि भट्टीवाला घरी ब्राउन ब्रेड आणू लागला. सकाळी ब्रेड, रात्री ब्रेड, सोबत खोक्यातला फळांचा रस, कारण खोक्यावर छापलं होतं, ‘वरून साखर घातलेली नाही’.

मग एक दिवस भट्टीतला तापलेला ट्रे त्याच्या पायावर घासला. अंगठा भाजला आणि त्याला कळलंसुद्धा नाही. संध्याकाळी मोजा काढताना रक्त दिसलं ते काकूंना. साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. जखम भरेना, उलट काळी पडू लागली. रक्ताच्या तपासणीत मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी कळते. ती फारच वर गेली होती.

"अंगठा वाचेल असं आज सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी दोघांना शेजारच्या खोलीत आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

"काका, ब्राउन ब्रेड कशाचा असतो तुमच्याकडे?" बाईंनी विचारलं.

भट्टीवाल्याने मान खाली घातली. "मैद्याचाच. जळक्या साखरेचा रंग घालतात."

"कोण घालतं?"

"मीच."

काकू ताडकन उठल्या. "अहो! स्वतःच्या हाताने रंग कालवता आणि तोच ब्रेड पथ्य म्हणून गिळता?"

"बेकरीच्या पाटीवर पौष्टिक लिहिलंय ना. शिकलेसवरलेले लोक रांगेत उभे राहून नेतात. म्हटलं, असेल काहीतरी त्यात."

बाईंनी मग नीट समजावलं. मैदा, भात, बटाटा यांत कर्बोदकं असतात. जिभेला ती गोड लागत नाहीत, पण पोटात त्यांची साखरच होते. धान्याच्या कोंड्यात तंतू असतात. ते पचत नाहीत, पण साखरेला रक्तात धावत जाऊ देत नाहीत. मैद्यात कोंडा नाही. फळाचा रस काढला की तंतू चोथ्यात जातात आणि फळाची साखर पेल्यात उरते. डाळी, अंडी यांत प्रथिनं. जखम भरते ती त्यांच्या जोरावर.

काकू तशाच डॉक्टरांच्या खोलीत घुसल्या. "गोड बंद म्हणालात! ब्रेड गोड लागतो का कुणाला? एवढं एक वाक्य सांगायला काय जीभ झडत होती?"

"चुकलंच," डॉक्टर म्हणाले. त्याने काकूंचा राग आणखीच भडकला. तिथून त्या नवऱ्याला रिक्षात घालून थेट बेकरीत गेल्या.

"मालक, ती पौष्टिकची पाटी उतरवा!"

"वहिनी, गिऱ्हाइकाला रंग हवा असतो. मी काय कुणाच्या घशात कोंबतो?"

"मग रंगाचं खरं सांगून विका!"

"कालवणारा तुमच्याच शेजारी उभा आहे. त्याला विचारा."

हे झोंबलं, कारण खरं होतं. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो लंगडत पुढे झाला. "मालक, उद्यापासून मी रंग घालणार नाही."

"मग उद्यापासून येऊही नकोस."

"बरं," भट्टीवाला म्हणाला.

जेवण बदललं, तरी अंगठा कापावाच लागला. शुद्धीवर आल्यावर भट्टीवाल्याने पट्टीत गुंडाळलेल्या पायाकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. "उशीरच झाला गं," तो पुटपुटला.

"झाला! तुम्हाला, मला, त्या डॉक्टरला, सगळ्यांनाच झाला," काकू कडाडल्या. खोलीतले बाकीचे पेशंट दचकून पाहू लागले. "रडायचं ते घरी जाऊन रडा. बाकीचा पाय आहे अजून." त्यांनी डबा उघडून उकडलेलं अंडं त्याच्या हातात कोंबलं.

"भूक नाही."

"भूक कोण विचारतंय? जखम भरायचीय. खा!"

त्याने निमूटपणे घास घेतला. अंडं संपेपर्यंत काकू कमरेवर हात ठेवून पुढ्यात उभ्या राहिल्या.