दुबईच्या दुकानातली टिकटिक

परवा माझ्या भाच्यानं जेवता जेवता मोबाइल पुढं केला आणि म्हणाला, "मावशी, सायकलचे ब्रेक मागवले. जपानच्या दुकानातून. येतील घरी." आणि पुन्हा भाकरी मोडायला लागला. मला एकदम पेडगावची भाभी आठवली. तिच्या ओसरीवरचा टेप आठवला, त्यातली खरखर आठवली. परदेशच्या दुकानातून सायकलचा एक एवढासा तुकडा मागवायला आम्हां दोघींना काय काय करावं लागलं होतं, ते त्याला सांगत बसले तर त्याची भाजी निवली.

माझा डावा पाय लहानपणीच्या पोलिओनं बारीक राहिलेला. वालूरला आमचं किराणा दुकान होतं. मी डीएड झाले आणि नोकरीचा आदेश आला तेव्हा आई म्हणाली, "पोरीला चालवत न्हाई, ती कुठं रानावनात शाळा करीत बसंल?" आप्पा कपाळाला विभूती लावत होते. पुढच्या खेपेला मालासाठी हैदराबादला गेले आणि येताना रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून एक सायकल घेऊन आले. जुनी, काळी, विलायती लेडीज सायकल. कुण्या नवाबाच्या नातेवाइकाच्या घरची मोडीत निघालेली. तिच्या हँडलवर एक छोटी कळ होती. ती बोटानं खाली ओढली की पायडल हलकं होई, वर सोडली की जड. तीन गियर होते.

"साध्या सायकलला तुझा एक पाय पुरायचा न्हाई," आप्पा म्हणाले. "हिला पुरंल."

वालूरच्या बाजाराच्या मैदानात, बाजार नसलेल्या दिवशी, आप्पा माझ्यामागं पळाले. धोतराचा सोगा एका हातात आणि कॅरियर दुसऱ्या हातात. डाव्या पायडलवर त्यांनी मोच्याकडून चामड्याचा पट्टा शिवून घेतला होता, पाय निसटू नये म्हणून. गाव बघायला जमलं. मी पडले, उठले, पुन्हा पडले. आणि एका संध्याकाळी मागं बघितलं तर आप्पा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभे होते.

शाळा मिळाली ती पेडगावच्या पुढं, दोन गावं ओलांडून एका वस्तीवर. एसटी तिकडं जात नव्हती. म्हणून पेडगावात खोली घेतली. घरमालकीण माझ्यापेक्षा थोडी मोठी, पदर डोक्यावर, बोलणं धडाधड. तिचा नवरा दुबईला इमारतींच्या कामावर. ती आणि शाळेत जाणारी एक मुलगी, एवढंच घर. मी तिला भाभी म्हणायची आणि ती मला बाई. मी लिंगायताची, शाकाहारी, म्हणून तिनं मी न सांगता परसात माझ्यासाठी वेगळी चूल घालून दिली. आईला आधी ते घर पसंत नव्हतं. एकदा राहायला आली आणि जाताना भाभीला ज्वारीचे पापड करायला शिकवून गेली.

शाळेचा रस्ता काळ्या मातीतला बैलगाडीचा. जाताना ओढ्याचा चढ आणि सकाळचं समोरून येणारं वारं. मी कळ ओढून हलका गियर टाकायची आणि उजव्या पायावर भिस्त ठेवून निघायची. त्या सायकलचा एक गुण होता. जड आणि मधल्या गियरला मागच्या चाकातून टिकटिक आवाज येई, हलका गियर पडला की ती बंद होई. चढावर मी आधी कान द्यायची. आवाज थांबला की समजायचं, आता जमतंय. वस्तीवरची पोरं लांबूनच टिकटिक ओळखून ओरडायची, "बाई यायल्यात, बाई यायल्यात!"

तिसऱ्या पावसाळ्यानंतर, जमीन वाळली तेव्हा, ओढ्याच्या चढावर कळ ओढली आणि हाताला काहीच लागलं नाही. तार लोंबायला लागली. मागच्या चाकाच्या आसातून एक बोटभर नाजूक साखळी आत जात होती, ती तुटली होती. आणि ती तुटली की गियर आपोआप सगळ्यात जडवर जाऊन बसतो, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या पायाला ते पायडल हलेना. सायकल हातात धरून मी शाळेत पोचले तेव्हा पोरं प्रार्थना म्हणून वर्गात बसली होती.

परभणीच्या सायकल मिस्त्रीनं तुकडा हातात घेतला, उजेडात धरला. "बाई, ये तो विलायत का माल है. हिंदुस्थानात कुठं मिळायचा न्हाई." त्यानं डाग देऊन साखळी जोडून दिली. चार चढ टिकली. आप्पांनी हैदराबादला चौकशी केली. ते दुकान बंद पडून तिथं आता भांडी विकत होते.

मग आई म्हणाली, घरी ये. मुख्याध्यापक म्हणाले, बदलीचा अर्ज करा, बाई, तुमची अडचण साहेबांना कळंल. ते चांगल्या मनानं म्हणत होते. पण त्या वस्तीवर माझ्या आधी कुणी शिक्षक टिकला नव्हता आणि पहिलीची पोरं नुकतीच वाचायला लागली होती. मला अर्ज करावासा वाटेना. मी जड गियरवरच जायला लागले. सपाटीला कसंतरी जमायचं, चढाला उतरावं लागायचं. उजवा गुडघा सुजला. एके सकाळी भाभीनं मला अंगणात पाय चोळताना पाहिलं. मी निघाले तशी ती माझ्यामागं आली आणि ओढ्याशी म्हणाली, "तुमी बसा, मी ढकलते."

"भाभी, लोक बघतील."

"बघू द्या. त्यांना काय काम हाय?"

ती रोज यायला लागली. साडीचा पदर कमरेला खोचून, कॅरियरला दोन्ही हात लावून मला चढ पार करून द्यायची आणि धापा टाकत परत जायची. घरी चूल पेटायची असायची, मुलीची वेणी घालायची असायची.

भाभीला लिहिता येत नव्हतं. नवऱ्याशी तिचं बोलणं कॅसेटवर चाले. रजेवर येणाऱ्या माणसाबरोबर कॅसेट यायची, परत जाणाऱ्याबरोबर जायची. टेप ओसरीत मधोमध ठेवून ती त्याच्यासमोर मांडी घालून बसायची, जणू तोच बसलाय. एका संध्याकाळी तिनं मला हाक मारली. "बाई, इकडं या. तिथं दुबईत सगळ्या दुनियेचा माल मिळतो म्हणतेत. तुमची साखळी सांगा त्यांना."

मला परपुरुषाशी असं बोलायची लाज वाटली. पण बसले. टेपाकडं बघून सांगितलं की सायकलची साखळी तुटली आहे, विलायती आहे, नाजूक आहे, इथं मिळत नाही. भाभी मधेच ओरडली, "ऐकलं का जी, लवकर बघा. मला रोज ढकलावं लागायलंय!"

उत्तर यायला उन्हाळा लागला. मानवतचा एक माणूस जडशीळ पुडकं घेऊन आला. आम्ही घाईनं सुतळी सोडली. आत तेलानं माखलेली, लांबलचक, नवीकोरी सायकलची चेन. पायडलपासून चाकापर्यंत जाते ती. परभणीत कुठल्याही दुकानात मिळाली असती. कॅसेट लावली. खोकल्यासारखा आवाज करून भाभीचा नवरा म्हणाला, "बाई को मेरा सलाम बोलो. चैन भेजा हूं. दुकान का सबसे मजबूत माल है." भाभी आधी माझ्याकडं बघत राहिली आणि मग दोघींना असं हसू फुटलं की तिची मुलगी बाहेरून पळत आली. हसून झाल्यावर मात्र मी आत जाऊन पडले. बदलीचा अर्ज आता लिहावाच, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भाभीनंच सायकल ओसरीत ओढून आणली. तिनं मागचं चाक उचलून धरलं, मी पायडल फिरवलं, मुलीनं टेप जवळ नेला. टिकटिक भरली. मी तुटलेल्या साखळीचं एकेक अंग सांगितलं, केवढी, कुठून आत जाते, टोकाला आटे कसे आहेत. तुटका तुकडाही कापसात गुंडाळून बरोबर दिला. तो हरवला तर दाखवायलाही काही उरणार नव्हतं.

पुढची कॅसेट मी आजही कानात ऐकू शकते. आधी गाड्यांचे भोंगे. कुणीतरी मल्याळीसारखं काहीतरी बोलत होतं. मग भाभीचा नवरा, जरा चढ्या आवाजात, "बाई, मैं सायकल के दुकान में खडा हूं. केरळवाले सेठ हैं. इनके पास एक अंग्रेज मेम की पुरानी सायकल आई है मरम्मत को. अब सुनो." आणि टिकटिक सुरू झाली. समुद्रापलीकडच्या एका दुकानात कुणीतरी चाक फिरवत होतं. मी श्वास धरून ऐकत होते. मग खट्कन कळ ओढल्याचा आवाज आला आणि टिकटिक थांबली. नुसती चाकाची घरघर उरली.

"हीच!" मी ओरडले. "भाभी, हीच, हीच!"

टेप तसाच चालू राहिला, आणि ऐकता ऐकता भाभीचे डोळे भरले. ते साखळीसाठी नव्हतं. टिकटिक ऐकवून झाल्यावर तिचा नवरा टेप बंद करायला विसरला होता, आणि पुढं बराच वेळ तो त्या सेठला सांगत होता की माझी घरवाली त्या बाईंना रोज चढावर ढकलते, लई हिमतीची बाई आहे. तोंडावर त्यानं तिला असं कधी म्हटलं नव्हतं.

सेठनं त्या मेमच्या सायकलीच्या सुट्या भागांबरोबर आमच्यासाठीही विलायतेला लिहून साखळी मागवली. ती दुबईला आली, तिथून रजेवर निघालेल्या एका माणसाबरोबर परभणीला आली आणि परभणीतच अडकली. विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीवरून तेव्हा पुन्हा वातावरण तापलं होतं. बंद, मोर्चे, एसट्या आगारात उभ्या. वस्तीवरच्या माझ्या वर्गातली निम्मी पोरं घरीच ठेवलेली, कुणी भीतीनं, कुणी रागानं. मी मात्र शाळा उघडून बसायची, आलेल्यांना शिकवायची. गाड्या सुरू झाल्या तसं भाभी आणि मी पॅसेंजर पकडून परभणीला गेलो. त्या माणसानं पावडरच्या डब्यातून एक कागदाची घडी काढली. आत दोन साखळ्या होत्या. एक जास्तीची, सेठकडून भेट म्हणून.

मिस्त्रीनं ती आसात फिरवून बसवली, तार ताणली, कळ ओढली. टिकटिक थांबली. दुकानातले लोक आमच्याकडं बघायला लागले, कारण भाभीनं टाळी वाजवली होती.

दुसऱ्या सकाळी मी एकटी ओढ्याचा चढ चढले. वर पोचून मागं बघितलं. भाभी सवयीनं ओढ्यापर्यंत आली होती आणि रिकाम्या हातांनी उभी होती. मी हात केला. तिनंही केला आणि हसत परत वळली.

त्याच आठवड्यात ती म्हणाली, "बाई, मलाबी शिकवा." मला पळता येत नव्हतं, म्हणून तिची मुलगी मागून पळायची आणि मी काठावर उभी राहून ओरडायची. दिवेलागणीला, पेडगावच्या शाळेमागच्या पटांगणात. लोकांनी नावं ठेवली, मग बघून बघून कंटाळले. हेही सगळं तिनं कॅसेटवर सांगितलं. कॅसेट थोड्याच होत्या, त्यामुळं जुन्या बोलण्यावरच नवं बोलणं भरावं लागे. एकदा मी ती दुकानाची टिकटिक पुन्हा ऐकायला मागितली, तर तिथं तिच्या मुलीचे पाढे होते. मला हळहळ वाटली. भाभीला नाही वाटली. "ते ऐकून झालं की," ती म्हणाली.

काही वर्षांनी माझी बदली सेलूला झाली. तोवर मी मोपेड घेतली होती. सायकल भाभीकडंच राहू दिली. ती तिच्यावर गिरणीला जायची, पोस्टात जायची.

तिचा नवरा कायमचा परत आला त्या दिवशी मी मुद्दाम पेडगावला गेले होते. आम्ही स्टेशनवर उभ्या होतो. टेपमध्ये घडाघडा बोलणारा तो माणूस माझ्यासमोर मान खाली घालून "सलाम, बाई" एवढंच म्हणाला. भाभीनं त्याची मोठी पेटी कॅरियरवर चढवली, दोरीनं आवळली. तो सायकल धरायला पुढं झाला.

"सोडा जी," भाभी म्हणाली. "तुमाला चढाचं म्हाईत न्हाई."

ती हँडल धरून पुढं निघाली. तो पेटीला हात लावून मागून चालायला लागला.