दुसऱ्याच्या आईची साडी

काळजी करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. नोकरीत असताना मात्र तिला वाव नव्हता. बोम्मसंद्र्याच्या एका कपड्यांच्या कंपनीत मी एकतीस वर्षं कटिंग मास्टर होतो. शर्टाच्या कापडाचे शंभर शंभर थर टेबलावर अंथरायचे, वर आखलेला कागद ठेवायचा, डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा चढवायचा आणि उभ्या पात्याचं मशीन त्या रेषांवरून फिरवायचं. चुकलं तर गठ्ठा बाजूला जायचा, साहेब दोन शब्द बोलायचे, दुपारी नवा रोल यायचा. कापड कुणाचं आहे हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

निवृत्त झालो आणि जी पेन्शन बसली ती चारचौघांत सांगण्यासारखी नाही. राजाजीनगरात आमचं भाड्याचं घर, बायकोची रक्तदाबाची आणि साखरेची औषधं. मुलगा मदत करतो म्हणतो, पण त्याच्याकडे हात पसरायला जीव धजत नाही. बायको आधीपासून शेजारणींचे ब्लाऊज शिवायची. तिनंच सुचवलं, तुम्ही कापा, मी शिवते. पुण्याहून आयटीत आलेल्या मुलींना सणावाराला शिवलेली नऊवारी हवी असते. पायजम्यासारखे पाय घालायचे, काष्टा आधीच शिवलेला, पदर खांद्यावर टाकला की झालं. मी खाकी कागदाचे साचे केले आणि पुढच्या खोलीतल्या पलंगावरची गादी काढून त्याचं कटिंग टेबल केलं. पाटी लावली नाही. साठीनंतर दारावर पाटी लावायची मला लाज वाटत होती. तरी एकीनं दुसरीला सांगितलं आणि कामं येत राहिली. सगळ्या नव्या साड्या, दुकानाचा कागदही न निघालेल्या. माझं बरं चाललं होतं.

मग ती मुलगी आली. मूळची पुण्याची, इथे नोकरीला, लग्न बारा दिवसांवर. तिनं पिशवीतून जुन्या धोतरात गुंडाळलेली एक पैठणी काढली. जांभळी, खरी हातमागाची, नऊवारी, घड्यांवर जरा विरलेली. साडी तिच्या आईची होती आणि आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. बायकोनं साडीवरून हात फिरवला आणि विचारलं, ही कापायची? नेसूनच का नाही घेत? मुलगी म्हणाली की मोबाईलवर बघून तीनदा प्रयत्न केला, तीनदा सुटली. लग्नात तिला आईच नेसवणार होती.

एवढं ऐकून बायकोनं टेप काढली आणि मापं घ्यायला लागली. मी मापं लिहून घेत होतो, पण मनात एकच चाललं होतं की नाही म्हणावं. नाही म्हणालो असतो तर आज हे लिहिलंच नसतं. पण नाही म्हणायला कारण काय देणार? एकतीस वर्षांच्या कटिंग मास्टरला कात्रीची भीती वाटते, असं?

चार दिवस साडी कपाटात होती. मी रोज कपाट उघडून बघायचो आणि लावायचो. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, बघून काय आपोआप कापली जाणार हाय का ती?"

मी हात धुतले, पंखा बंद केला, साडी पलंगावर अंथरली. नव्या साड्यांवर मी सुलट्या बाजूनं खडूच्या रेषा मारत असे, कारण त्या स्वस्तातल्या साड्यांचा खडू झटकला की जायचा. इथे खडू जरीत बसला तर? म्हणून मी जास्तीची खबरदारी घेतली. कंपनीत महागड्या कापडाची खूण नेहमी उलट्या बाजूनं करायचे, तसंच करायचं ठरवलं. घडीत जी बाजू आत होती ती उलटी धरली, ती वर घेतली, साचे ठेवले, खडू मारला, आणि देवाचं नाव घेऊन कात्री चालवली. कापून झालं तेव्हा सदऱ्याची पाठ ओली झाली होती. वाटलं, सुटलो.

दुपारी बायकोनं कच्चे टाके घालून साडी स्वतःच्या कमरेला लावून पाहिली. आरशासमोर उभी राहिली, पदर घेतला, आणि थांबली. पुन्हा पदर सोडून पुन्हा घेतला.

"अहो, पदर उजव्या खांद्यावर येऊलाय."

माझी पाचावर धारण बसली. चूक काय झाली हे मला त्याच क्षणी कळलं. कापड उलटं घेतलं होतं, साचे मात्र सुलट्या बाजूचेच ठेवले होते. शर्ट-पँटला डावं-उजवं जोडीनं निघतं, म्हणून कंपनीत ही चूक कधी अंगाशी आली नव्हती. नऊवारीला एकच पदर, आणि तो डाव्या खांद्यावरच हवा. खबरदारी घेतली ती अशी भोवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बायकोनं साडी कमरेची काढून पलंगावर ठेवली. ती बोलली असती तर मी भांडलो असतो. मी कमरेजवळचा निघालेला चिंधीएवढा तुकडा खिशात घातला, चपला चढवल्या आणि बाहेर पडलो. डोक्यात खुळ्यासारखा एकच विचार, असंच जांभळं, असंच जरीकाठाचं कापड कुठेतरी मिळेल, पदर तेवढा तोडून दुसऱ्या बाजूला जोडता येईल. जोड निऱ्यांखाली लपेल का? नाही लपला तर? मुलीला काय सांगायचं? तुझी आई गेली ती गेली, आता तिची साडीही मी घालवली? मेट्रोत एका बाईनं मला उठून जागा दिली, इतका माझा चेहरा उतरला असावा. मी बसलोही नाही.

मल्लेश्वरमला एक जुनं रेशमी साड्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर माझ्याहून म्हातारे गृहस्थ होते. मी तुकडा पुढे केला आणि कन्नडमध्ये विचारलं, असं कापड मिळेल का. त्यांनी तो चष्म्याजवळ नेला, उलटला, पुन्हा उलटला. असं आता मिळणं कठीण, म्हणाले. मग मी काय झालं ते सांगितलं, अगदी साच्यापासून. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि तुकडा माझ्या हातात ठेवत विचारलं, "अण्णा, यात उलटी बाजू कुठली ते मला दाखवा बघू."

मी तुकडा उजेडात धरला. एका बाजूला खडूची पुसट रेष होती. तेवढी सोडली तर दोन्ही बाजू सारख्या. तोच काठ, तीच जर, कुठे एक सुटा धागा नाही. खरी हातमागाची पैठणी दोन्हीकडून सारखी असते, हे मला ऐकून माहीत असायला हवं होतं, पण जन्मभर गिरणीच्या कापडात काढलेला माणूस मी. प्रत्येक कापडाला उलटी बाजू असतेच, असं धरून मी तिथे नसलेली बाजू शोधली होती. टाके उसवायचे, सगळे तुकडे पालथे करायचे, पदर आपोआप डावीकडे. एवढंच काम होतं. मी त्यांना धन्यवाद म्हणायचंही विसरलो.

घरी आलो तोवर बायकोनं टाके उसवून ठेवले होते, काहीतरी करावं लागेल म्हणून. तुकडे पालथे करून तिनं पुन्हा साडी लावली आणि पदर डाव्या खांद्यावर आला. ज्या खडूला मी भ्यालो होतो तो आता दर्शनी बाजूला आला होता. दोन दिवस मी मऊ ब्रशनं तो झटकत बसलो. कमरेशी जरासा राहिला, तो कमरपट्ट्याखाली जाणार होता.

बायकोनं बजावलं, "आता तिला काय बी सांगू नका. सरी झालंय की, नीट बसलंय सगळं. झाकली मूठ सव्वा लाखाची." मला पटलं. सांगून आमच्याकडे कोण येणार होतं?

मुलगी आली, आतल्या खोलीत साडी घालून बाहेर आली. बराच वेळ आरशात बघत राहिली. मग वळली आणि मला वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेतले. तो नमस्कार मला घेताच येईना. मी तिला सगळं सांगून टाकलं, खडू, साचे, उजवा खांदा, दुकानदार, सगळं. बायको स्वयंपाकघरात निघून गेली.

मुलीनं ऐकून घेतलं. मग पदराची कड दोन बोटांत धरून विचारलं, "काका, साडी दोन्हीकडून सारखी नसती तर?"

"तर मी तुझ्या आईची साडी वाया घालवली असती," मी म्हणालो. "मला दुरुस्त करता आली नसती."

ती आत जाऊन कपडे बदलून आली. साडी घडी करून धोतरात गुंडाळली आणि गेली. बायकोनं त्या संध्याकाळी शिवणयंत्रावर चादर टाकली. मला वाटलं, आता हे संपलं, आणि खरं सांगतो, जरा हायसंही वाटलं. पलंगावर गादी परत घालावी असं मनात आलं.

लग्नानंतर महिन्याभरानं ती पुन्हा दारात उभी. हातात पिशवी. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, आणि आईची आणखी एक नऊवारी होती. बहीण म्हणत होती की ओळखीच्या बुटीकमध्ये देऊ. "मी म्हटलं, नको. चुकलं तर ते आपल्याला सांगणार नाहीत."

मी साडी हातात घेतली. हिरवी होती. कोपरा धरून सवयीनं पालथा केला. मागच्या बाजूला धागे सुटे लोंबत होते, बुट्ट्यांच्या विणीची टोकं उघडी पडली होती. या साडीला उलटी बाजू होती.

ठेवून जा, असं मी म्हणालो खरं. ती जिना उतरून गेल्यावर मी साडी मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेवर बसलो.