भुऱ्याचा चांदीचा पाय

देवीने माझं ऐकलं की नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. भुऱ्या हा आमच्या कोरीट गावच्या घरचा कुत्रा, खरं तर माझ्या यजमानांचा. ते वारल्यावरही रोज संध्याकाळी तो शेताच्या वाटेवर त्यांची वाट बघत बसायचा. घरात त्यांची वाट बघणारे आम्ही दोघंच उरलो होतो. त्याचा पुढचा पाय सुजला, तेव्हा मुरगळला असेल म्हणून मी हळदीचा लेप लावत राहिले. सूज दगडासारखी घट्ट झाली, तो विव्हळायला लागला, तेव्हा गावदेवीला बोलले, याचा पाय वाचव, तुला चांदीचा पाय वाहीन. कुत्र्यासाठी चांदी म्हणून जाऊबाई हसल्या. मला हसू आलं नाही.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी सुरतेला पाठवलं. तिथे हाडाचा कॅन्सर निघाला. पाय खांद्यापासून काढावा लागेल, वेदना थांबतील, पण आजार पुढे पसरणार नाही याची हमी नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी नाही म्हणाले. ज्या पायासाठी नवस बोलले तोच कसा कापू द्यायचा? बाहेरच्या बाकावर भुऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन मी देवीला चार शब्द सुनावले, तेही मोठ्याने, आणि रडले. शेजारी एक अनोळखी बाई मांजर घेऊन बसली होती. गाठी काढल्याचे टाके मांजराच्या पोटावर दिसत होते. त्या परक्या शहरात ती माझ्याच बोलीत, हळूच म्हणाली, "बहिन, तुले पाय जोयजे का कुत्रा जोयजे?"

पाय हवा की कुत्रा हवा, एवढंच तिने विचारलं होतं. उठून आत गेले आणि सही केली. बाहेर आले तर बाक रिकामा होता. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

भुऱ्या तीन पायांवर घरी आला. जखम भरली तशी एका संध्याकाळी लंगडत जाऊन वाटेवर बसला. मग मी चांदीचा पाय घेऊन देवळात गेले. पुजाऱ्यांनी विचारलं, पाय बरा झाला का? म्हटलं, पाय गेला, कुत्रा आहे.

पुढे आजार छातीत उतरला. कापूस वेचणीच्या दिवसांत, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, तो गेला. त्या वेळी मी देवीकडे काही मागितलं नाही. जे महिने तिने दिले, ते पुष्कळ होते. आता देवळात हात जोडले की हे वाचव, ते वाचव असं तिला सांगत नाही. संध्याकाळी भुऱ्याच्या जागी वाटेवर जाऊन बसते. वाट कुणाचीच बघत नाही, नुसती बसते.