सोन्याच्या वर्खाची आग

आमच्याकडे चित्रातले डोळे सगळ्यात शेवटी काढतात. आधी फळी, तिच्यावर कापड, मग खडूची भुकटी आणि डिंक घोटून उठवलेली नक्षी, वर सोन्याचा वर्ख, काचेचे खडे, रंग. देव अख्खा तयार झाला तरी डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं. ते काढायचे अप्पांनी. तंजावरच्या त्या खोलीत चौदा वर्षं मी डिंक घोटला, पण मला डोळ्यांना हात लावू दिला नाही. लेकीने डोळे काढायचे नसतात म्हणे. कोणी सांगितलं? अप्पांनीच!

मुंबई दंगलीत जळत होती त्या पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुमाराला मद्रासचा व्यापारी आला. नव्या हॉटेलांना चित्रं पुरवायचा. म्हणाला, "कृष्ण पुरे झाले. बाहेरची माणसं आता देशाचं दुःख मागतात. दंगल काढा, मोठी काढा." अप्पा खूश. आगीला वर्ख लावायची कल्पना त्यांचीच. खोटं कशाला बोलू, आग फार सुंदर झाली.

घोडं अडलं प्रेतावर. आमच्या चित्रांतली माणसं गुबगुबीत, गालांवर लाली. अप्पांनी रस्त्यात पाडलेला माणूस लोणी खाऊन झोपल्यासारखा दिसायचा. तीनदा काढला, तीनदा खरवडला.

त्याच आठवड्यात भाई आले. भाई म्हणजे आमच्या चौकटी करणारे, मागच्या मशिदीच्या गल्लीतले. वीस वर्षं आमच्या प्रत्येक देवाला त्यांनी सागवानी चौकट ठोकली. त्यांचा एकुलता एक मुलगा मुंबईत शिवणकामाला होता. महिना झाला, पत्र नाही, निरोप नाही. माझी आत्या दादरला राहते हे त्यांना ठाऊक होतं. मुलाचा फोटो अप्पांच्या हातात देऊन तमिळमध्ये म्हणाले, "तुमच्या बहिणीकडे पाठवा. त्या शोधतील. हा एकच फोटो आहे. आजच टाका." अप्पा म्हणाले, "आजच."

दुसऱ्या दिवशी बघते तर फोटो फळीच्या कडेला टाचणीने टोचलेला. हडकुळा चेहरा, वर आलेली गालाची हाडं. हवा तस्सा.

"अप्पा, हे काय?"

"दोन दिवस. चेहरा जमला की टाकतो."

"आणि तो जिवंत असला तर?"

"असला तर चांगलंच की," म्हणाले आणि ब्रश ओला केला.

मी भडकले. अय्यो, काय काय बोलले! पाकिटावर आत्याचा पत्ता घातला, फोटोची टाचणी काढायला हात पुढे केला. तेव्हा अप्पा मागे न वळता म्हणाले, "या खेपेला डोळे तू काढ."

झालं. माझा राग तेवढ्यावरच थंड झाला. मेलेल्याचे उघडे डोळे आमच्या घराण्यात कुणी काढले नव्हते, आणि फोटोशिवाय मला ते जमेनात. दोन दिवसांचे आठ झाले ते अप्पांमुळे नाही, माझ्यामुळे. भाई रोज वाटेत विचारायचे, "पोचलं असेल ना, अम्मा?" आणि मी निर्लज्जासारखी सांगायची, "मुंबईचं टपाल आहे, भाई. वेळ लागतो."

नवव्या दिवशी चौकटीच्या मापासाठी आम्ही भाईंनाच बोलावलं. कुणी म्हणेल, अक्कल गहाण ठेवली होती का? तसं नाही. वीस वर्षांत भाईंनी कधी चित्राकडे पाहिलं नव्हतं, ते फक्त कडा बघायचे. आम्ही त्यावर निश्चिंत होतो; फोटो कडेलाच आहे हे विसरलो. त्यांनी टेप लावली आणि कडेला टोचलेला फोटो त्यांच्या बोटांना लागला. डिंकाचे डाग पडले होते त्यावर. मग त्यांनी चित्र पाहिलं.

टेप गुंडाळत त्यांनी विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

त्यांना वाटलं, आत्याचं पत्र आलंय. मुलगा गेल्याचं आम्हाला कळलंय आणि त्याच्या आठवणीसाठी आम्ही हे काढलंय. इतका चांगला विचार त्या माणसाने केला हो आमच्याबद्दल!

"तसं काही नाही, भाई," अप्पा म्हणाले. "नुसतं चित्र आहे. फोटो टाकायचा राहिला."

भाईंनी फोटो काढला, लुंगीला पुसला आणि त्याच संध्याकाळी ते मुंबईच्या गाडीत बसले. चौकट दुसऱ्याने केली. चित्र मद्रासला गेलं.

तीन आठवड्यांनी भाई मुलाला घेऊन आमच्या दारात उभे. मदत छावण्यांतून फोटो दाखवत हिंडले तेव्हा तिसऱ्या दिवशी तो सापडला होता. दंगलीत पायाला झालेली जखम सडेपर्यंत त्याला इस्पितळात न्यायला कुणी नव्हतं. काखेत कुबड्या. डावा पाय गुडघ्यापासून नाही.

"डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आणला असता तर पाय राहिला असता," भाई म्हणाले. आवाज चढवला नाही. नुसता मुलाला पुढे केला.

अप्पांनी चष्मा लावला. पायाकडे पाहिलंच नाही. चेहरा निरखत राहिले आणि म्हणाले, "नाक चुकलं माझं."

मला त्यांची भयंकर किळस आली. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी त्या मुलाकडे वळले, तर तो माझ्याकडेच बघत होता. आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की डोळे मात्र बरोबर जमलेत.