गप्प म्हणजे हो नव्हे

स्टेजवर त्यांनी माझा हात धरला आणि खाली दाबला. माइकमध्ये म्हणाले, "हात हलवायचा नाही. शहाणी ना तू?"

मी चोवीस वर्षांची होते. सुरतेत, उधन्यातल्या कारखान्यात साड्यांच्या घड्या घालायची, पगार घरी आणायची. पण 'विशेष मुलां'साठीच्या ट्रस्टच्या त्या कार्यक्रमात मी 'मूल' होते. साहेब ट्रस्टचे अध्यक्ष. बँकेतून रिटायर झालेले, बोलणं शुद्ध, झब्बा कडक इस्त्रीचा. मी घाबरले की माझे हात हलतात. हलले की जरा श्वास येतो. तेच त्यांनी बंद केलं आणि माझ्या तोंडासमोर चॉकलेट धरलं. "थँक्यू म्हण." माझ्या तोंडून शब्द निघेना. टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या मला कानात टोचतात. आई मागून पुढं आली, हात जोडले आणि म्हणाली, "थँक्यू साहेब." ती त्यांच्याच ट्रस्टच्या शाळेत साफसफाईला होती. लोक हसले. मला उलटी आली, ती मी गिळली.

लोक आम्हाला स्वमग्न म्हणतात. म्हणजे आम्हाला बाहेरचं काही कळत नाही. मला सगळं कळत होतं. हसणारे कोण होते तेही कळत होतं.

पुढं फोनवर मला माझ्यासारखी माणसं भेटली. दुसऱ्या शहरांत ऑटिस्टिक माणसांनी स्वतःचे गट काढले होते. आईबापांचे नाहीत, डॉक्टरांचे नाहीत. सुरतेतही शाखा काढायच्या ठरल्या. कोसाड भागातली शाखा जिगर नावाचा आमच्यातला एकजण बघणार होता, उधन्याची माझ्या गळ्यात पडली. अनोळखी माणसाला फोन लावायचा तर मी आधी संडासात जाऊन बसते, अशी मी. तरी फोन लावले.

आमचे नियम थोडेच. टाळ्या नाहीत. पसंत पडलं तर हात वर करून बोटं हलवायची. आईबाप दाराबाहेर. आणि कुणी गप्प असेल तर थांबायचं. गप्प म्हणजे हो नव्हे. जिगर तोंडानं बोलत नाही. तो फोनवर टाइप करतो आणि फोन ते वाचून दाखवतो. त्याची एक ओळ होईपर्यंत बाकीच्यांचा चहा संपतो. आम्ही थांबतो.

सभेला जागा नव्हती. आईनं साहेबांना विचारलं, त्यांनी ट्रस्टचा हॉल दिला. चावी आईनं घरी आणली.

पहिल्याच सभेला साहेब आले. मागं फोटोवाला. भिंतीवर बॅनर चढला, त्यावर ट्रस्टचं नाव आणि साहेबांचा फोटो. दार सताड उघडं ठेवलं. दारात आमच्या सगळ्यांच्या आया पदर सावरून उभ्या.

"उपक्रम छान आहे," साहेब म्हणाले. "पण या मुलांना सांभाळणार कोण? ट्रस्ट सांभाळेल. अध्यक्ष मी राहीन. कोणाची हरकत?"

आमच्यातलं कुणी बोललं नाही. जिगर फोनवर वाकला आणि टाइप करायला लागला. तेवढ्यात दारातून आवाज आले. "हो साहेब." "चालेल साहेब." "हां साहेब, बराबर छे." जन्मभर आमची उत्तरं त्याच देत आल्यात. दवाखान्यात, शाळेत, पाहुण्यांसमोर. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, सवय होती. माझी आईही म्हणाली, "हो साहेब."

"झालं तर मग. सर्वांना मान्य." आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

एक पोरगी कान दाबून टेबलाखाली गेली. माझे हात उडायला लागले. साहेबांनी हात धरला. तोच हात. आणि फोटोवाल्याकडे बघून हसले.

भीती कशी असते ते सांगते. आईची नोकरी डोळ्यांसमोर येते. मला वाटलं, इथंच कपडे ओले होणार.

मी म्हटलं, "हात सोडा."

आवाज चिरका निघाला. त्यांनी सोडला नाही. मी हिसकून घेतला. आणि त्यांच्या तोंडासमोर, फोटोवाल्यासमोर, दोन्ही हात हलवले.

आई आत धावली आणि घरच्या अहिराणीत म्हणाली, "गप बैस व माय! साहेब काय म्हनतीन?"

"माय, तेन्ही माले इचारं," मी म्हटलं. "तुले नही."

आई होती तिथंच थांबली. आणि तेव्हा जिगरचा फोन बोलला. सपाट आवाज, गुजराती. "मने हरकत छे." त्याला हरकत होती.

साहेबांनी आईकडून चावी घेतली. तिला म्हणाले, "उद्यापासून कामावर येऊ नका." बॅनर काढायला मात्र विसरले नाहीत.

आई आता घरी बसून साड्यांना खडे चिकटवते. एकदा तिनं विचारलं, "तुले भ्याव नही वाटनं का?"

"वाटनं."

"मंग?"

मी तिच्यासाठी पुढच्या साडीची घडी उलगडून दिली.

सभा आमच्या खोलीत होते. शेजारी दिवसभर कापडाचे लूम चालतात. तो आवाज एकसारखा असतो, आम्हाला त्रास देत नाही. आई दाराबाहेर आमच्याकडे पाठ करून खडे चिकटवते. शेजारणी विचारतात, आत काय चाललंय. राग अजून गेलेला नाही, म्हणून तुटक बोलते. "माले काय माहीत? त्यासलेच इचारा."

आता सुरतेजवळच्या कडोदऱ्याला शाखा काढायची आहे. साहेबांच्या ओळखीचे लोक तिथं आहेत, ते सभेला येणार असं कानावर आलंय. मी घाबरलेय. जेवण जात नाही. हे लिहितानाही हात हलताहेत.

येऊ देत. हरकत आहे का, विचारू देत. शेवटच्या माणसाचं उत्तर येईपर्यंत त्यांना उभं राहावं लागेल. आणि माझ्या हाताला हात लावायचा नाही.