हेन्रिकुस सम्राटाचा माणूस

टाकसाळीत हातोडा चालवणारे बाराजण होते, पण छाती काढून चालायचा एकटा उगुच्चो. खालचा ठसा लाकडात रोवलेला, त्यावर चांदीची पातळ चकती, तिच्यावर दुसरा ठसा धरायचा आणि घाव घालायचा. आयुष्यभर एवढंच केलं त्याने. तरी कांदे घेतानासुद्धा, "मी सम्राटाचा माणूस," असं बजावायचा. अक्षर एक येत नव्हतं. नाण्याच्या कडेने 'हेन्रिकुस सम्राट' लिहिलेलं असतं हे त्याला बापाने सांगितलं, बापाला आजाने. तीन पिढ्यांत पुढचं कुणी विचारलं नाही.

त्या वर्षी टाकसाळीचा मुकादम वारला. मुकादमाला राहायला घर मिळे आणि त्या घराच्या अंगणात विहीर होती. उगुच्चोची बायको गिस्ला वीस वर्षं चढावरून पाणी वाहत होती. त्या विहिरीपलीकडे नवऱ्याकडून तिला काहीच नको होतं.

निवड करायला सम्राटाचा कारभारी येणार होता. आदल्या दिवशी उगुच्चो चेस्टनटच्या पिठाची पेज ओरपत भाषण घोकत बसला. "हेन्रिकुस सम्राटांना उदंड आयुष्य लाभो."

"अहो, तो मेलाय. शंभर वर्षं झाली," गिस्ला म्हणाली. "लोकांना तेच नाव ओळखीचं, म्हणून ठसा बदलत नाहीत. पाद्री दर रविवारी दुसऱ्याच सम्राटासाठी प्रार्थना करतो. तुम्ही तेव्हा घोरत असता."

"मेला असता तर आम्हाला कळवलं असतं."

"तुम्हाला?"

"टाकसाळीला. तू पाणी भर."

"बरं. पण उद्या तोंड उघडू नका. नुसती मान डोलवा. एवढं जमेल?"

जमलं नाही. कारभाऱ्याने सहज विचारलं, "काम कसं चाललंय?" बाराजणांतला, दिवसाला चार शब्द बोलणारा मार्तिनो "बरं" म्हणाला. उगुच्चो मात्र पुढे सरला, छातीवर हात ठेवला आणि हेन्रिकुसला उदंड आयुष्य चिंतून, वर आणखी एक मुलगाही चिंतून मोकळा झाला.

"कोणाला?" कारभारी म्हणाला.

उगुच्चोला वाटलं, याला ऐकू आलं नाही. त्याने सगळं भाषण पुन्हा, मोठ्याने म्हटलं.

घर मार्तिनोला मिळालं.

"जळतात माझ्यावर," संध्याकाळी उगुच्चो पेजेत चमचा फिरवत म्हणाला. "सम्राटांच्या कानावर घालतो सगळं."

गिस्लाने घागर उचलली. "घाला. त्यांनाही सध्या दुसरं काम नाही," म्हणाली, आणि उतार उतरू लागली.